मुलीनं पोहणं सोडलं, आता खोलीच सोडत नाही. किती मागे लागावं?

उंबरठ्यावरची

मुलगी चौदा वर्षांची आहे. आठव्या वर्षापासून पोहत होती. नुसतं डुंबणं नव्हे, रीतसर प्रशिक्षण, स्पर्धा, सुट्टीतली शिबिरं, सगळं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी जेवता जेवता म्हणाली, "उद्यापासून मी जाणार नाहीये." आम्हाला वाटलं, परीक्षा जवळ आली आहे, होईल आठवड्याभरात सरळ. तसं काही झालं नाही.

आता शाळेतून आली की थेट खोलीत. दार बंद. जेवायला बोलावलं की येते, जेवते, जाते. काही विचारलं तर "काही नाही" आणि जास्त विचारलं तर "प्लीज आई". मध्येच रडते, कारण सांगत नाही. अर्ध्या तासानं फोनवर खिदळत असते, म्हणजे मी जी काळजी करत बसलेली असते ती फुकट गेली की काय असं वाटतं. मार्क ठीक आहेत. झोप उशिरा. एक जिवाभावाची मैत्रीण आहे, तिच्याशी फोन चालतो तासन् तास. तेवढ्या वेळात मात्र ही एका जागी बसत नाही, गच्चीवर जाते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलते. मला खाली पावलं ऐकू येतात.

नवऱ्याचं म्हणणं, सवय एकदा मोडली की कायमची मोडते, इतक्या वर्षांची मेहनत आहे, थोडं रागावून का होईना पाठवायलाच हवं. सासूबाई म्हणतात, वय आहे, सोडा तिला. माझं मत सकाळी एक असतं आणि रात्री दुसरं.

मी हिशेबाच्या कामात आहे, मला जरा नेमकं काही कळलं की बरं वाटतं. तर प्रश्न असे. व्यायामानं मन ताळ्यावर राहतं हे सगळीकडे वाचते. पण जिचं मनच लागत नाही, तिला व्यायामाला उठवायचं कसं? जबरदस्तीनं केलेल्या व्यायामाचा उपयोग होतो का? पोहणंच हवं की काहीही चालेल? आणि हे वयाचं आहे की डॉक्टरांकडे जाण्यासारखं आहे, हे घरच्या माणसानं ओळखायचं कशावरून?

कृपया नुसतं "योगा सुरू करा" असं लिहू नका. मॅट आणून झाली. तिच्यावर सध्या मांजर झोपतं.

ठणठणीत

ताई, कटू लागेल, पण तुमचे यजमान बरोबर बोलत आहेत. चौदाव्या वर्षी "मला वाटत नाही" याला किती किंमत द्यायची? दात घासायला वाटतं का कुणाला? मला दोन मुलगे आहेत. घरात नियम एकच, संध्याकाळचा एक तास घराबाहेर. काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं, पण घरात थांबायचं नाही. पहिले काही आठवडे तोंडं फुगली. आता मी घरी नसलो तरी जातात. वाटण्याची वाट बघत बसलात तर ती वाट बघणंच सवय होईल.

शिट्टीमास्तर

तीसेक वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, आता निवृत्त आहे. मोठं लिहिणार आहे, सवय आहे.

आधी ती गच्ची. ताई, तुमची मुलगी रोज चालते आहे आणि तुम्ही ते प्रश्नातल्या एका ओळीत सांगून पुढे गेलात. त्याला प्रशिक्षक नाही, फी नाही, प्रमाणपत्र नाही, म्हणून ते आपल्या हिशेबात येत नाही. पण शरीराच्या हिशेबात येतं. इंग्लंडमध्ये चार हजारांहून अधिक मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र लावून बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी नोंदी घेतल्या आणि अठराव्या वर्षी त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं तपासली. ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये २०२० साली ते छापून आलं. बाराव्या वर्षी रोजची हलकी हालचाल तासाभरानं जास्त असेल, तर अठराव्या वर्षीचा नैराश्याचा गुणांक सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळला. हलकी हालचाल म्हणजे रमतगमत चालणं, घरातली कामं, उभ्यानं करायचे उद्योग. आणि बसून राहण्याचा वेळ तासाभरानं वाढला, तर तो गुणांक साधारण तेवढाच वर. हा संबंध आहे, यामुळेच ते झालं असं सिद्ध होत नाही, हेही सांगून ठेवतो. तरी मी माझ्या नोकरीत घाम आला नाही तर तो तास वाया गेला असं समजणारे सहकारी खूप पाहिले, त्यांना हे वाचून दाखवायला आवडलं असतं.

आता तुम्हाला आकडा हवा आहे तर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ५ ते १७ वर्षांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे आणि आठवड्यातून किमान तीन दिवस दम लागेल असं काहीतरी, शिवाय स्नायू आणि हाडांना जोर पडेल असं. यातला ‘सरासरी’ हा शब्द पालकांना दिसतच नाही. मंगळवारी शून्य आणि शनिवारी दोन तास झाले तर मंगळवारचा गुन्हा नोंदवायचा नाही. आणि तुमची मुलगी जगावेगळी नाही. १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींची २०१६ पर्यंतची माहिती एकत्र केली तेव्हा ८१ टक्के मुलं या मापाला पुरी पडत नव्हती. मुलांमध्ये ७८ टक्के, मुलींमध्ये ८५. पाचातले चार जिथं मागे आहेत, तिथं प्रत्येक घरातल्या पोरात काहीतरी खोट आहे असं म्हणून चालत नाही.

आता पोहण्याबद्दल, म्हणजे स्पर्धेच्या पोहण्याबद्दल. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाव्याच्या. हातपाय लांब होतात, वजन वाढतं, शरीराचा तोल आणि ठेवण बदलते. कालपर्यंत जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते. गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं, त्याला ऑस्गुड-श्लाटर म्हणतात, उड्या मारणाऱ्या आणि पळणाऱ्या मुलांत नेहमीचं आहे आणि मुलं ते "आळशी म्हणतील" म्हणून सांगत नाहीत. पोहणाऱ्या मुलींच्या वेळा कित्येकदा याच सुमाराला अडतात. तेवढ्यात बाजूच्या लेनमधला, गेल्या वर्षी मागे असलेला मुलगा सरळ पुढे निघून जातो. त्यानं जास्त मेहनत केली म्हणून नाही, त्याचं शरीर त्या दिशेनं वाढलं म्हणून. हे मुलीला कुणी समजावून सांगतं का? फलकावर फक्त सेकंद असतात.

मी मैदानावर एक पाहायचो. मुलाचा नेम चुकला की तो कुठे बघतो? बहुतेक मुलं सोबत्याकडे बघतात आणि हसतात. काही मुलं कुंपणाकडे बघतात. कुंपणाशी बाबा उभे असतात. ही दुसरी मुलं गुणी असायची बरं का, पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यांच्या पुढे. आणि तेरा-चौदाला सगळ्यात आधी तीच यायची बंद व्हायची. तुमच्या घरी तसं आहे असा माझा दावा नाही. पण घरी परतताना गाडीत काय बोलणं व्हायचं, हे तुमचं तुम्ही आठवून बघा.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली म्हटलं आहे की एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत लांबवलेलं बरं, आणि त्या खेळातून वर्षभरात एकूण तीनेक महिने सुट्टी मिळावी, हवं तर एकेक महिना करून. तुमच्या मुलीनं आठव्यापासून एकच खेळ केला. तिनं घेतलेली सुट्टी जरा लांबली आहे असंही याकडे बघता येईल.

ठणठणीत यांच्या एका गोष्टीला माझा दुजोरा. त्यांनी "काय करायचं ते मुलांनी ठरवायचं" ठेवलं आहे. ते त्यांनी ओझरतं लिहिलं, पण नियम चालला असेल तर त्याच्यामुळे.

रातकिडा

मी एकोणीस वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळ्यात लहान. मीसुद्धा पोहायचे आणि मीसुद्धा चौदाव्या वर्षीच सोडलं, म्हणून लिहितेय. तुमच्या मुलीचं कारण हेच असेल असं नाही.

माझं एक कारण नव्हतं, पाच-सहा लहान लहान होती. वरच्या गटात टाकलं तेव्हा सराव पहाटे साडेपाचला गेला. रात्री झोप यायची बाराला. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे पुरुष प्रशिक्षकांना सांगायची सोय नव्हती, म्हणून मी "पोट दुखतंय" म्हणायचे आणि ते वहीत गैरहजेरी लिहायचे. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या एकमेकींच्या अंगाकडे बघतात, कुणी काही बोलत नाही, पण बघतात. पोहण्याच्या पोशाखात काठावर उभं राहून शिट्टीची वाट बघायची ती दहा सेकंदं मला पूर्ण शर्यतीपेक्षा मोठी वाटायची. आणि माझी लेनमधली मैत्रीण सोडून गेली. हे शेवटचं ऐकायला किरकोळ वाटेल, पण खरं म्हणजे मी तिच्यासाठीच जायचे.

मला कारण विचारलं नाही असं नाही. सगळ्यांनी विचारलं. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर "मग परत कधीपासून?" आधीच लिहिलेलं असायचं. म्हणून मी "अभ्यास" म्हणायचे. त्यावर कुणी वाद घालत नाही.

अजून एक. बंद दाराच्या आत ती लोळतच असते असं धरून चालू नका. मी नाचायचे. भयंकर नाचायचे, हेडफोन लावून, घाम येईपर्यंत. आईनं दार वाजवलं की टुणकन पलंगावर आणि हातात पुस्तक. कारण आईला कळलं असतं तर तिनं आठवड्याभरात नृत्याचा क्लास शोधला असता.

उंबरठ्यावरची

रातकिडा, शेवटची ओळ वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. मी खरंच क्लास शोधला असता.

मास्तर, गाडीतलं बोलणं. मी गाडीत कधीच नसायचे, ते दोघंच असायचे. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. त्यानं वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला, "मग काय गाणी ऐकायची का?" म्हणजे बोलणं व्हायचं.

ठणठणीत

मास्तर, दुजोऱ्याबद्दल आभार. पण माझा मुद्दा सगळे गोड शब्दांत बुडवत आहेत. मन लागेपर्यंत थांबलं तर काय होईल याचं उत्तर कुणी दिलं नाही.

तिसरी_खुर्ची

किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. माझ्या खोलीत एका खुर्चीवर मूल असतं, एका खुर्चीवर पालक, म्हणून हे नाव.

ठणठणीत यांना आधी उत्तर देते, कारण त्यांचा मुद्दा बुडवण्यासारखा नाही. मन खचलेलं असतं तेव्हा "बरं वाटलं की करेन" हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. आधी थोडंसं काहीतरी केलं जातं, मग थोडं बरं वाटतं. नैराश्यावरच्या उपचारांत ही एक स्थिरावलेली पद्धत आहे. त्यामुळे इच्छा जागी होण्याची नुसती वाट बघू नये, हे खरं. पण त्या पद्धतीत काय करायचं ते माणूस स्वतः निवडतो आणि पहिली पायरी हास्यास्पद वाटेल इतकी लहान ठेवतात. बुटांत पाय घालून फाटकापर्यंत जाऊन येणं, इतकी. रागावून पोहायला पाठवणं ही पहिली पायरी नाही, ती तिच्यासाठी शेवटून दुसरी आहे.

२०२३ साली ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये २१ अभ्यास एकत्र करून मुलामुलींमधल्या नैराश्याच्या लक्षणांवर शारीरिक हालचालींचा परिणाम तपासला होता. परिणाम आढळला, माफक आढळला. चमत्कार नाही, पण दुर्लक्ष करण्याएवढा किरकोळही नाही. १३ वर्षांवरच्या मुलांत तो जास्त दिसला, आठवड्यातून तीनदा केलेल्या उपक्रमांत जास्त दिसला आणि ज्यांत कुणी देखरेखीला उभं नव्हतं त्यांत जास्त दिसला. हे शेवटचं वाचून मी स्वतः थबकले होते. एका अभ्यासावर घर बांधू नये, पण कुणी बघत नसताना केलेली हालचाल ही या वयात वेगळी गोष्ट असते, हे मी रोज खुर्चीतून ऐकते. रातकिड्यानं जे लिहिलं ते मी निरनिराळ्या मुलामुलींकडून निरनिराळ्या शब्दांत ऐकलं आहे.

झोपेबद्दल. या वयात शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन संध्याकाळी उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे रात्री अकरापर्यंत डोळा न लागणं हा हट्ट नसतो. १३ ते १८ वयाला झोप लागते ८ ते १० तास. पहाटेचा सराव आणि हे घड्याळ यांची गाठ घातली की कापली जाते ती झोप, आणि कमी झोपलेलं मूल चिडकं, रडवेलं आणि सुस्त दिसतं. मग आपण व्यायाम वाढवा म्हणतो. तुमच्या मुलीची सकाळ किती वाजता सुरू होते हे तुम्ही लिहिलं नाहीत. आधी ते बघा. रात्रीचे ते फोन गच्चीवरच होऊ द्यात, पण जमलं तर जरा आधीच्या वेळेत.

आता डॉक्टरांकडे कधी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. इथे मी गंमत करत नाही.

दिवसाचा बराचसा वेळ उदास किंवा चिडलेली, जवळजवळ रोज, आणि हे दोन आठवड्यांवर चाललं असेल. पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, नुसता पोहण्यातला नव्हे. त्या मैत्रिणीचेही फोन बंद झाले. जेवण किंवा झोप एकदम घटली वा वाढली. शाळेत जाणंच टाळायला लागली. अंगावर कापल्याच्या, भाजल्याच्या खुणा, उकाड्यातही लांब बाह्या. "मी नसले तर बरं" अशा अर्थाचं काहीही. यातलं शेवटचं ऐकलं तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची आणि तिला एकटं सोडायचं नाही. आणि शंका आली तर सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का तुला?" विचारल्यामुळे तो विचार डोक्यात जातो ही भीती खोटी आहे. उलट बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचा सुटकारा वाटतो. अशा वेळी चालणं-पोहणं हे उपचाराच्या जोडीला असतं, उपचाराऐवजी नाही.

उलटी बाजूही सांगते, कारण खेळाडू मुलींच्या आया ती विसरतात. सोडल्यावर वजन वाढेल या भीतीनं काही मुली लपून जेवण कमी करतात किंवा ठरलेले व्यायाम झाले नाहीत तर बेचैन होतात. पाळी बंद होते. ते शिस्तीसारखं दिसतं आणि सगळे कौतुक करतात. तसं काही दिसलं तर व्यायाम वाढल्याचा आनंद मानू नका, डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही लिहिल्यावरून, हं, नुसत्या लिहिल्यावरून, ती जेवते आहे, मैत्रीण आहे, खिदळते आहे, पावलं चालू आहेत. मला आज रात्री घाबरून उठण्यासारखं काही दिसत नाही. डोळे उघडे ठेवण्यासारखं आहे.

ठणठणीत

फाटकापर्यंत. बरं. धाकट्याला सुरुवातीला मी असंच काहीसं करायला लावलं होतं, त्याला शास्त्र आहे हे माहीत नव्हतं.

उंबरठ्यावरची

मध्ये बरेच दिवस गेले, सांगायचं राहिलं. सगळ्यांचे प्रतिसाद परत परत वाचले. तिसरी खुर्ची, तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी गुपचूप तपासली. खुणा नाहीत, जेवण ठीक. तो सरळ प्रश्नही विचारला. माझेच हात गार पडले होते. ती म्हणाली, "आई, नाही गं. मला फक्त सगळ्याचा वैताग आलाय." आणि मग तिनंच मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर मी एक केलं. माझ्या बहिणीला रोज फोन करते तो मी सोफ्यावर बसून करत असे. तो घेऊन गच्चीवर जायला लागले. मुलीशी बोलायला नाही, मी माझ्या फोनवर, ती तिच्या. ती या भिंतीकडून त्या भिंतीकडे, मी त्या भिंतीकडून या भिंतीकडे. पहिल्या दिवशी तिनं भुवया उंचावल्या. नंतर समोरासमोर आलो की एकमेकींना वाट द्यायला लागलो. एक दिवस दोघींचे फोन साधारण एकाच वेळी संपले आणि आम्ही खाली न जाता तशाच चालत राहिलो.

कारण मी विचारलं नाही. पाळीचं, पोशाखाचं, पहाटेचं, काय असेल ते मी मनात तयार ठेवलं होतं. त्यातलं काहीच निघालं नाही, किंवा अजून निघालं नाही. ती आपणहून म्हणाली, "मला पोहायला आवडतं. टायमिंग लावलं की नाही आवडत." बस्स. मी "हं" म्हणाले. क्लासचं नाव काढलं नाही, रातकिडा, नोंद घ्यावी.

नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "टायमिंग न लावता नुसतं पोहायला कोण जातं?" ती आतल्या खोलीतून म्हणाली, "सगळे जातात, बाबा." दार उघडं होतं म्हणजे!

आता नवीन प्रश्न. तिला त्या मैत्रिणीला घेऊन, सर्वांसाठी तलाव खुला असतो त्या वेळेत जायचं आहे. मैत्रिणीला पोहता येत नाही. आमच्या बाईसाहेब म्हणतात, मी शिकवते. नवरा खूश, कारण पाण्यात जाणार. मला धास्ती. चौदा वर्षांच्या मुलीनं चौदा वर्षांच्या मुलीला शिकवावं का?

रातकिडा

नोंद घेतली. आणि शिकवू द्या ना! कुणीतरी आपल्याकडून शिकतंय हे वाटणं भारी असतं.

शिट्टीमास्तर

रातकिडा, भारी असतं, पण पाणी आहे. ताई, धास्ती योग्य आहे.

मैत्रिणीला पाण्यात तरंगणं, श्वास सोडणं आणि काठ धरून वर येणं हे प्रशिक्षकाकडून शिकू द्या. बुडणारं माणूस हाताला लागेल त्याला धरून खाली ओढतं, आणि तुमची मुलगी कितीही उत्तम पोहत असली तरी घाबरलेल्या समवयस्क मुलीला सोडवणं हे वेगळं कौशल्य आहे, ते तिला शिकवलेलं नाही. त्या काळात तुमच्या लेकीनं त्याच वेळेला शेजारी नुसतं पोहावं. मैत्रीण उथळ पाण्यात न घाबरता राहायला लागली की मग हात कसा फिरवायचा, मान कधी वळवायची, हे खुशाल शिकवावं. पाणी छातीच्या वर नको, जीवरक्षक हजर असलेलीच वेळ निवडा आणि पाण्याखाली श्वास रोखून कोण जास्त थांबतं ही पैज अजिबात नाही. त्यात चांगले पोहणारेच बेशुद्ध पडतात, कारण आधी भराभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि "आता वर ये" ही सूचना वेळेवर मिळत नाही. हे दोघींना कारणासकट सांगा. नुसतं नको म्हटलं तर करून बघतील.

यजमानांना एक निरोप द्या. सोडायला आणि आणायला जावं, ते काम महत्त्वाचं आहे, त्यावाचून मुलींचं जाणं बंद पडतं. मधल्या वेळात मात्र काठावर थांबू नये. आणि येताना गाडीत गाणी लावायला हरकत नाही, कुठली ते मागच्या सीटवरच्यांना विचारावं.

उंबरठ्यावरची

निरोप दिला. गाणी कुणी निवडायची यावरून वाद सुरू आहे. प्रशिक्षकांकडे मैत्रिणीसाठी जागा आहे का ते उद्या विचारते. त्यांच्याकडे मोठ्या बायकांसाठी वेगळी वेळ असते म्हणतात, तेही विचारून बघते. मलाही येत नाही पोहता.